आधी सावली, मग सोलर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

घरमालकांसाठी तू काढलेला कोल्हापूरच्या घराचा नकाशा नीट बघितला. गच्चीभर पाच किलोवॉटची पॅनेलं मांडून घराला 'नेट-झिरो' म्हटलंयस. वर्षात वापरलेली वीज छतावर तयार झाली की हिशेब जुळतो, हे खरं. पण सुरुवात वापरापासून कर.

पंखेच घे. साधा पंखा 75 वॉट ओढतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा साधारण 30. चार पंखे रोज 12 तास चालले तर 3.6 युनिटांच्या जागी दीडच्या आत भागतं. वाचलेली दोन युनिटं म्हणजे अर्धा किलोवॉट पॅनेल. आपल्याकडं किलोवॉटमागं वर्षाची सरासरी रोज चारेक युनिटं धरायची, पावसाळ्यात बरीच कमी. आणि पाण्याची टाकी पॅनेलांच्या उत्तरेला सरकव. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या ओळीचं उत्पादन घसरतं.

आता खिडक्या. कोल्हापूर 16.7 अंश अक्षांशावर. भर दुपारी दक्षिणेचा सूर्य क्षितिजापासून 21 मार्चला 73 अंशांवर, डिसेंबरात 50 अंशांवर असतो. त्यामुळं दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिलास, तर फेब्रुवारीअखेरीपासून दुपारचं ऊन काचेला लागत नाही आणि थंडीत आत येतं. छज्जा दोन्ही बाजूंना फूटभर जास्त काढ, नाहीतर ऊन कडेनं शिरतं. पश्चिमेला याचा काही उपयोग नाही. चारचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून येतं. तू तिकडंच सगळी काच दिलीयस. जिना, बाथरूम, कोठीची खोली त्या अंगाला ने.

सगळ्यात जास्त काळजी मला स्लॅबची वाटते. 1000 चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला सुमारे 12 घनमीटर काँक्रीट, म्हणजे 90-95 पोती सिमेंट. ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट असेल तर नुसत्या सिमेंटचाच कार्बन चार टनांच्या आसपास. एक किलोवॉट पॅनेल वर्षाला जेमतेम एक टन वाचवतं. म्हणजे घरात पाऊल टाकण्याआधीच एका किलोवॉटची चार वर्षांची कमाई उधारीत! म्हणून पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट वापर आणि स्लॅब फिलर पद्धतीचा कर: सळ्यांच्या चौकटींत मंगलोरी कौलं, तेवढं काँक्रीट वाचतं. कौलं आधी पाण्यात भिजव, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी शोषतात. कौल सळीला चिकटू देऊ नको. तिथं काँक्रीटचं आवरण राहत नाही आणि सळी गंजते. पीपीसीला ताकद सावकाश येते, म्हणून निदान 10 दिवस पाणी मारायचंच. ठेकेदार सातव्या दिवशी पाणी थांबवायला बघेल, तिथं खमकं राहा. वर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी घाल, स्लॅब कमी तापेल.

भिंतींना जवळचा जांभा मिळत असेल तर भाजक्या विटा टाळ. विटेत शेताची वरची माती जाते, ती पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात. पण खाणीवर जाऊन बघ. डोंगर उघडा टाकून देणाऱ्याकडचा चिरा घेऊ नको.

प्लॉट पंचगंगेच्या अंगाला आहे, म्हणून पूररेषेचा नकाशा आधी मिळव. निळी रेषा 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून घर उचलू नको. अडलेलं पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. मग ते घर कितीही वीज बनवू दे, मी त्याला चांगलं म्हणणार नाही. दोन रेषांच्या मध्ये असेल तर इन्व्हर्टर आणि मीटर 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसव. खूण शेजाऱ्यांच्या भिंतींवर सापडेल.

घरमालकांकडून बारा महिन्यांची लाइट बिलं मागून घे आणि सुधारलेल्या नकाशासोबत पाठव.

तुझा,
काका