ओपन सोर्स प्रकल्पांनी देणगीचे पैसे कशावर खर्च करावेत?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर. अशा प्रकल्पाने देणगी कशावर खर्चावी, नव्या सुविधा, सर्व्हर की प्रोग्रामरचा पगार, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पहिला हक्क पगाराचा. तोही नवीन काही बनवणाऱ्याचा नव्हे, आहे ते सांभाळणाऱ्याचा.

ओपनएसएसएलचं बघा. जगभरातल्या असंख्य सर्व्हरवरची गुप्त देवाणघेवाण या सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालते. एप्रिल 2014 मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. कुणीही दूर बसून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड, अगदी गुप्त मजकूर उलगडणाऱ्या खाजगी किल्ल्यासुद्धा, काढून घेऊ शकत होतं. चूक लिहिणाऱ्याच्या लक्षात आली नव्हती, तपासणाऱ्याच्याही नाही, आणि ती दोन वर्षं तशीच राहिली. त्या काळात प्रकल्पाला वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर देणगी मिळायची आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक! जुना कोड निवांत बसून पुन्हा वाचायचा कुणी? हार्टब्लीडनंतर ओपन सोर्सला आधार देणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला आणि दोन पूर्णवेळ प्रोग्रामरांचा पगार सुरू झाला. हेच आधी झालं असतं तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने 2021 मध्ये मला पटणारी वाट धरली. त्यांच्या फाउंडेशनने एक पगारी डेव्हलपर नेमला. साचलेल्या दुरुस्त्या तपासणं, बगच्या, म्हणजे कोडमधल्या चुकांच्या, तक्रारी मार्गी लावणं, हे त्याचं मुख्य काम. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्या स्वयंसेवकांकडून नेमकं हेच मागे पडतं.

पैसे कुणाला द्यायचे, हे मात्र सगळ्यांसमोर ठरवा. 2006 मध्ये डेबियन या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन रिलीज मॅनेजरांना, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढण्याची जबाबदारी असणाऱ्यांना, मानधन देण्याचा प्रयोग झाला. त्यांनाच का, म्हणून काही स्वयंसेवक दुखावले आणि त्यांनी हात आखडता घेतला. डिसेंबरात यायची आवृत्ती एप्रिल 2007 मध्ये आली. म्हणून रक्कम, काम आणि मुदत तिन्ही जाहीर हवीत, आणि हिशेबही.

सर्व्हरचा खर्च टळत नाही, पण बऱ्याचदा एखादी कंपनी तो उचलते. टी-शर्ट, स्टिकर यांवर देणगी घालवू नये. वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटण्यासाठी प्रवासखर्च दिला तर मला चालेल, कारण अडलेले निर्णय समोरासमोर लवकर सुटतात.

तुमचा स्वतःचा प्रकल्प असेल तर शेअर दलाली करणाऱ्या झिरोधा कंपनीने ओपन सोर्स प्रकल्पांसाठी 2024 मध्ये सुरू केलेल्या फ्लॉस फंडकडे अर्ज करून बघा. तिथे एका प्रकल्पाला 10,000 ते 1,00,000 डॉलर मिळू शकतात.