फॉरमॅटनंतर पडद्यावरची अक्षरे फाकलेली का दिसतात?

प्रश्न : माझ्या जुन्या डेस्कटॉप संगणकावर विंडोज ७ आहे आणि त्याला १९ इंची, १४४० × ९०० रिझोल्यूशनचा (आडवे × उभे ठिपके) मॉनिटर व्हीजीए केबलने जोडलेला आहे. व्हायरसमुळे संगणक फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकून घेतली, तेव्हापासून अक्षरे मोठी, पुसट आणि आडवी फाकलेली दिसतात. रिझोल्यूशनच्या यादीत ८०० × ६००, १०२४ × ७६८ आणि १२८० × १०२४ एवढेच पर्याय येतात. दुरुस्ती करणाऱ्यांच्या मते मॉनिटर गेला आहे. नवा घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नये. आपण दिलेल्या लक्षणांवरून मॉनिटर निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे आणि त्याची खात्री आपल्याला घरीच करून घेता येईल. मॉनिटरवरील मेनूचे बटण दाबा. जो मेनू उमटतो तो संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. त्याची अक्षरे रेखीव असतील, तर पडदा ठणठणीत आहे आणि दोष त्याच्याकडे येणाऱ्या चित्रात आहे, असे समजावे.

विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्सचा, म्हणजे पडद्यासाठी चित्र तयार करणाऱ्या भागाचा, योग्य ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) मिळाला नाही, तर ती एका सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम भागवते आणि त्याला ठरावीक रिझोल्यूशनच ठाऊक असतात. १०२४ × ७६८ चे चित्र ४:३ प्रमाणाचे, आपला पडदा १६:१० चा. त्यामुळे पडदाभर ताणताना प्रत्येक आकृती २० टक्क्यांनी रुंद होते आणि वर्तुळ अंड्यासारखे दिसते. डिव्हाइस मॅनेजर (संगणकाच्या भागांची यादी दाखवणारी विंडोजमधील सोय) उघडून ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’खाली पाहा. तेथे ‘स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर’ असे लिहिलेले असेल, तर निदान पक्के झाले.

त्याच नावावर डबल क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे ८०८६ असल्यास ग्राफिक्स इंटेलचे, १०डीई असल्यास एनव्हिडियाचे आणि १००२ असल्यास एएमडीचे, म्हणजे पूर्वीच्या एटीआयचे असते. मदरबोर्डसोबत आलेली सीडी जपून ठेवली असेल, तर ड्रायव्हर तिच्यातच मिळेल. नसेल, तर मदरबोर्डच्या किंवा संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपली विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट हे पाहूनच तो उतरवावा. विंडोज ७ ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले असल्याने हे काम दुसऱ्या संगणकावर करून फाइल पेनड्राइव्हने आणणे बरे. सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र कृपया टाकू नका. नको असलेले प्रोग्रॅम बहुधा त्यांच्यासोबतच येतात.

ड्रायव्हर टाकून संगणक पुन्हा सुरू केल्यावर १४४० × ९०० हा पर्याय दिसू लागेल. चित्र एका बाजूला सरकलेले वाटल्यास मॉनिटरवरील ‘ऑटो’ बटण दाबावे.

एवढे करूनही तो पर्याय आला नाही, तर केबलकडे वळा. स्वतःला कोणते रिझोल्यूशन चालते ही माहिती मॉनिटर याच केबलमधून, १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून, संगणकाला कळवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मॉनिटर्स’खाली ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ दिसत असेल, तर ती माहिती पोहोचत नाही. संगणक बंद करून केबल काढा आणि तिच्या टोकाच्या पिना उजेडात नीट पाहा. मधल्या ओळीतील ९ क्रमांकाची पिन अनेक केबलींत मुळातच नसते, त्यामुळे ती रिकामी जागा पाहून घाबरू नये. पण खालच्या ओळीतील पिन वाकलेली किंवा आत गेलेली असेल, तर शेजाऱ्यांची केबल तासाभरासाठी मागून लावून पाहा. तिने चित्र सुधारले, तर केवळ केबल बदलून भागेल.