बाबांवर पाच मिनिटं बोलायचंय, काय गाळू?

‘माझे वडील सोलापुरात जनरल सर्जन होते. गेल्या वर्षी अचानक गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि त्याच आठवड्यात मित्रांनी, स्टाफने सभा ठेवलीय. घरातर्फे मी बोलायचंय. भाऊ म्हणतो, चांगलं तेवढंच बोल. बाबा प्रेमळच होते. टीव्ही बघताना खुर्चीच्या हाताला दोरा बांधून एका हाताने गाठी मारत बसायचे, आम्हालाही शिकवायचे. पण गड्ड्याच्या जत्रेत आम्हाला पाळण्यात बसवून ते सिव्हिलला निघून गेले, ते मी विसरलेले नाही. दहावीच्या निकालालाही ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते. हे बोलले तर आईला लागेल, गाळलं तर खोटं वाटेल. शिवाय कपाटात पेशंटचे कागद आणि आभाराची पत्रं आहेत. त्यातलं काही वाचू का?’
– एक लेक, पुणे

अगं, भावाचं म्हणणं आधी निकालात काढते. चांगलं तेवढंच बोलायला पाहुणे येणारच आहेत. ओळीने चौघं ‘देवमाणूस’ म्हणून खाली बसतील आणि तुझे बाबा कुणाही डॉक्टरसारखे होऊन जातील. घरच्या माणसाने इतरांना ठाऊक नाही ते सांगावं.

ते तुझ्याच पत्रात आहे, त्या खुर्चीच्या दोऱ्यात. पोटात खोल, बोट जेमतेम पोचेल अशा जागी रक्तवाहिनी बांधायची असते. गाठ सुटली तर पेशंट रात्रीच पुन्हा टेबलावर. म्हणून सर्जन हाताची सवय मोडू देत नाहीत. तू म्हणशील, म्हणजे बाबा घरातही ओटीतच होते. मला तर वाटतं, ओटीतली सगळ्यात जिवाची गोष्ट ते तुमच्यात घेऊन बसायचे. तुला ती गाठ अजून येते का? येत असेल तर सभेत दोरा घेऊन जा आणि मारून दाखव. यंत्रमागाचं गाव आहे आपलं, गाठीतलं समोरच्या निम्म्या लोकांना कळतं.

पाळण्याचंही सांग, पण रडगाणं नको. झालं तसं सांग. जानेवारीतली गर्दी, तुम्ही वर, आणि खाली बाबांची पाठ. अल्सर फुटला, आतड्याला पीळ पडला, तर सकाळपर्यंत थांबता येत नाही, हे तुला मोठेपणी कळलं. पाळण्यातल्या पोरीने ते समजून घ्यायला हवं होतं, असं कोण म्हणतंय? दोन्ही बोल.

सोलापूरला सर्जनची आठवण जपायची सवय आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून राखलंय. 1938 मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरात तिथेच वारले, वय 32. मुलगा तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा. भाषणांत युद्ध असतं, शस्त्रक्रिया असतात, त्या पोराचं एका वाक्यात उरकतं. (मला दर वेळी ते खटकतं.) तुझ्या बाबांच्या सभेत पोरं एका वाक्यात उरकायला नकोत.

आईला लागेल की नाही, हे तू पुण्यात बसून ठरवू नकोस. येत्या रविवारी घरी जा आणि ती भाकऱ्या थापत असताना तिला हे वाचून दाखव. रात्री झाकून ठेवलेली ताटं तुझ्यापेक्षा तिने जास्त पाहिली आहेत. कदाचित तीच याहून तिखट किस्सा काढेल. नको म्हणाली तर मात्र गाळ. नवरा तिचा होता.

कागदांच्या बाबतीत मी कडक आहे. केसपेपर वाचायचे नाहीत, नाव गाळूनही नाहीत. ‘पूर्व भागातली, विड्या वळणारी, पित्ताशयाचं ऑपरेशन’ एवढ्यावर आपल्याकडे बाई ओळखू येते. दाखल झालेल्या पेशंटचे कागद नियमाने किमान 3 वर्षं ठेवावे लागतात, त्यामुळे कुणी रद्दीत घालण्याआधी बाबांच्या एखाद्या डॉक्टर मित्राला बसवून तपासून घ्या. पोलीस केसचे तर आधी वेगळे काढा. आभाराची पत्रं वाचायला हरकत नाही, पण लिहिणाऱ्याला फोन करून विचार. बहुतेक तो म्हणेल, मीच येऊन वाचतो, आणि येताना शेतातली ज्वारी घेऊन येईल.

पाच मिनिटांच्या वर जाऊ नकोस. आणि ओटीतल्या जुन्या सिस्टरना पाहुण्यांच्या आधी माईक द्यायला सांग. शेवटी दिला तर निम्मं सभागृह चपला शोधत असतं.