फायनान्सची पदवी: फीच्या आधी हप्ता बघ

कॉलेजांची क्रमवारी जरा बाजूला ठेव. आधी तिथून बाहेर पडणाऱ्यांचा सरासरी नाही, मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) विचार. दोन-चार बड्या पॅकेजांनी सरासरी फुगते, मध्यक सहसा हलत नाही. मग कर्ज. 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं तर घेतलेल्या प्रत्येक 100 मागे जवळपास 159 परत जातात. शिकत असताना व्याज साचत गेलं तर आणखी जास्त. (फायनान्स शिकायला निघालेलेच हे गणित टाळतात, कमाल आहे!) हप्ता ताडायचा तो करकपातीनंतर हातात येणाऱ्या पगाराशी. विश्लेषक व्हायचं असेल तर स्वस्त पदवी आणि नोकरी सांभाळून सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) परीक्षेच्या तीन पातळ्या, हा मार्ग मी आधी तपासेन. इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं (कंपन्यांना भांडवल उभारायला, विलीनीकरणाला मदत करण्याचं काम) वेगळं आहे. तिथल्या बड्या कंपन्या बरीचशी भरती मोजक्या कॉलेजांतून करतात, त्यामुळे महाग फीचा विचार तिथेच कर.