समता की समानता?

विचारणा अशी आहे: "आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी 'पूर्ण समानतेवर आधारित आदर्श समाज यशस्वी होऊ शकेल का?' हा विषय ठरला आहे. एका सहकारी शिक्षिकेचं म्हणणं आहे की इथे 'समता' हवं. या दोन शब्दांत खरोखर फरक आहे, की ही नुसती सवयीची बाब आहे?"

फरक आहे, आणि या विषयापुरता तर तो फारच महत्त्वाचा आहे. मुलं 'हो' म्हणतील की 'नाही', हेसुद्धा बरंचसं शब्दाच्या निवडीवर ठरेल.

व्युत्पत्तीतून फार काही हाती लागत नाही. 'सम'ला 'ता' लागून समता, 'समान'ला 'ता' लागून समानता. मराठी माणूस हे शब्द कुठे वापरतो ते पाहिलं की फरक उलगडतो. 'समानता' आली की लगेच 'कशाची?' हा प्रश्न येतो. वेतनाची समानता, संधीची समानता. 'समान काम, समान वेतन' ही घोषणा किंवा 'समान नागरी कायदा' हा शब्दप्रयोग घ्या. काहीतरी मोजायचं, ताडून पाहायचं आणि सारखं निघालं की समान म्हणायचं. 'समता' मात्र 'कशाची' असं विचारत नाही, ती 'कोणाकोणांत' असं विचारते. माणसामाणसांतली समता, स्त्री-पुरुषांतली समता. क्रियापदंही वेगळी आहेत. समानता असते, आणता येते, राखता येते. समता नांदते. 'समानता नांदते' हे कानाला खटकतं, कारण नांदणं हे माणसांच्या एकत्र राहण्याचं क्रियापद आहे.

संस्कृतातली समता आधी मनाची होती. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'अहिंसा समता तुष्टिः' अशी जी यादी येते, तिथे ती चित्ताची अवस्था आहे, समाजाची रचना नव्हे. मराठीत हा शब्द चळवळींनी रस्त्यावर आणला. समता सैनिक दल १९२७ चं, 'समता' हे पत्र १९२८ चं. 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' या त्रयीत आज कोणी 'समानता' घालून पाहिली तर जीभच अडखळेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत तर 'समानता'च आहे ना? आहे. पण ती कशी आली आहे ते पाहा: 'दर्जाची व संधीची समानता'. 'कशाची' या प्रश्नाचं उत्तर तिथे आधीच दिलेलं आहे. गंमत म्हणजे हिंदी उद्देशिकेत याच जागी 'प्रतिष्ठा और अवसर की समता' आहे. चौदाव्या अनुच्छेदातही मराठीत 'कायद्यापुढे समानता' आणि हिंदीत 'विधि के समक्ष समता'. म्हणजे मी वर सांगितलेली विभागणी संस्कृतातून आलेला नियम नाही. ती मराठीच्या वापरातून घडली आहे, आणि तीही काटेकोर नाही. 'स्त्री-पुरुष समानता' आपण रोज ऐकतो आणि ते चूक नाही. विरुद्धार्थी शब्द तर दोघींचा एकच आहे, विषमता. 'असमानता' या शब्दाचा वापर अलीकडे वाढला आहे, 'असमता' मात्र कोणी म्हणत नाही.

फरक कुठे कळीचा ठरतो ते पाण्याच्या उदाहरणात दिसतं. गावात दोन विहिरी आहेत, दोन्हींना सारखंच पाणी, पण एक गावाची आणि एक गावाबाहेरच्या दलित वस्तीची. पाणी मोजलं तर समानता भरते. समता तिथे औषधालाही नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर माणसं गेली ती तहान भागवायला नव्हे. या तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आम्ही मरणार नाही, हे डॉ. आंबेडकरांनी त्या लढ्यात स्पष्टच सांगितलं होतं. बाबा आढावांच्या मोहिमेचं नावही 'एक गाव, एक पाणवठा' असंच होतं. त्यातला 'एक' हा शब्द 'समान'पेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता तुमच्या विषयातलं 'पूर्ण'. 'पूर्ण समानता' म्हटलं की मुलगा सहज म्हणेल, माणसं मुळात सारखी नसतात, म्हणून हे अशक्य. वाद तिथेच संपेल. हा आक्षेप आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात स्वतःच मांडून घेतला आहे. आनुवंशिक शरीर, समाजाकडून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तिन्ही बाबतींत माणसं असमान आहेत, हे ते मान्य करतात. पण असमान आहेत म्हणून त्यांना असमान वागवायचं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. समता कल्पित असली तरी कारभाराचं तत्त्व म्हणून ती स्वीकारावीच लागते, असं त्यांचं उत्तर आहे. मला हे उत्तर पूर्ण पटतं. समानता हे वस्तुस्थितीबद्दलचं विधान होऊ शकतं, खरं किंवा खोटं ठरू शकतं. समता हा वागण्याचा निर्धार आहे. तो पाळला जातो किंवा मोडला जातो.

मोजता येणारी समानता खरोखर करून पाहिलेल्यांचं उदाहरण मुलांना द्यायचं असेल तर इस्रायलमधल्या किबुत्झचं, म्हणजे सामूहिक मालकीच्या वसाहतींचं द्या. गॅलिली सरोवराच्या काठी १९१० मध्ये देगानिया हे पहिलं किबुत्झ वसलं. जमीन सामाईक, जेवण एका भोजनगृहात, सुरुवातीला कपडेसुद्धा सामाईक. पुढे बहुतेक किबुत्झांत मुलं आईवडिलांपासून वेगळी, बालगृहांत झोपत. खोलीत स्वतःची चहाची किटली ठेवावी का, यावरसुद्धा वाद झाले. आणि हे सगळं अनेक दशकं चाललं, कारण माणसं राजीखुशीने आली होती आणि ज्याला जायचं त्याला वाट मोकळी होती. १९८० च्या दशकात कर्जाचं संकट आलं, पुढे बहुसंख्य किबुत्झांनी कामानुसार कमीजास्त वेतन स्वीकारलं, देगानियानेही २००७ मध्ये तो निर्णय घेतला. पण मला जास्त बोचते ती दुसरी गोष्ट: बाहेरून पगारावर आणलेले मजूर. ते त्याच शेतात राबत, पण सभासद नसत. म्हणजे आतल्या लोकांत किटलीपर्यंतची समानता, आणि समता मात्र फाटकाशी थांबलेली.

'आदर्श' शब्द ठेवायला हरकत नाही. मराठीत 'आदर्श गाव' म्हटलं की हिवरे बाजार डोळ्यांपुढे येतं, हवेतला मनोरा नव्हे. 'यशस्वी' मात्र मी बदलेन. योजना यशस्वी होते, शस्त्रक्रिया यशस्वी होते. समाज टिकतो, तग धरतो.

तेव्हा मुलांनी संपत्ती आणि वेतनावर बोलावं अशी अपेक्षा असेल तर विषय असा ठेवा: 'उत्पन्नाच्या संपूर्ण समानतेवर उभा राहिलेला समाज टिकेल का?' आणि माणसांनी एकमेकांशी कसं वागावं यावर बोलावं असं वाटत असेल तर 'समताधिष्ठित समाज घडवता येईल का?' एवढं पुरे, त्यात 'पूर्ण' नको. मला विचाराल तर मी दुसरा निवडेन, कारण त्यावर बोलताना मुलांना आपल्या गावाबद्दल, आपल्या वर्गातल्या बाकांबद्दलही बोलावं लागेल.