उसना शब्द आणि उसनं वाक्य

शहापूर, बेळगाव

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. बारा पानांत चार पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या चार रचना, घेतलेस, मेहनत दिसते. पण पेन्सिल घेऊन विशेषणांखाली रेघा ओढत गेलो, तर ‘आक्रमक’, ‘आधुनिक’, ‘लयप्रधान’ आणि ‘जाझचा प्रभाव’ एवढेच शब्द फिरून फिरून भेटले. ते चुकीचे नाहीत. ऐकून झाल्यावर तुझं जे मत झालं, ते त्यांत आलंय. कानाला काय ऐकू आलं ते राहूनच गेलं.

हंगेरियन संगीतकार बार्टोकचा दुसरा कॉन्चेर्टो घे. 1933 साली फ्रांकफुर्टला तो पहिल्यांदा वाजला, तेव्हा पियानोवर बार्टोक स्वतः होता. पहिल्या भागाला तू आक्रमक म्हणतेस. तसं का वाटतं? त्या अख्ख्या भागात तंतुवाद्यं वाजतच नाहीत. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत सगळे गप्प बसून असतात, आणि पियानोच्या जोडीला असतात फक्त सुषिर वाद्यं, म्हणजे फुंकून वाजवायची, नि तालवाद्यं. खाली मऊ असं काही अंथरलेलंच नाही, त्यामुळं प्रत्येक घाव उघडा लागतो. दुसऱ्या भागात तीच तंतुवाद्यं म्यूट लावून, दबक्या आवाजात येतात, तेव्हा कळतं इतका वेळ काय राखून ठेवलं होतं. हे एवढं लिहिलं असतंस तर ‘आक्रमक’ लिहावंच लागलं नसतं. कोण वाजवतंय हे सगळेच लिहितात. कोण गप्प आहे, तेही लिहीत जा.

आता एक गोष्ट खास तुझ्यासाठी. तुझा कान पेटीवर घडलाय. आपल्या गावाला पेटीचं कौतुक फार; पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी तर आयुष्य तिला दिलं. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर उभा राहतो. पियानोचा सूर मात्र हातोडी तारेवर पडली त्या क्षणापासून विरत जातो, त्याला वाढवता येत नाही. पियानोसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला या विरण्याचं काहीतरी करावं लागतं, आणि तो काय करतो तिथंच त्याची शैली सापडते. बार्टोक पुष्कळदा ते सरळ मान्य करतो आणि पियानोला तालवाद्यांच्या पंगतीला बसवतो.

फ्रेंच संगीतकार रावेल उलट्या बाजूनं जातो. त्याच्या जी मेजर कॉन्चेर्टोचा मधला भाग लाव. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा नाहीच. पियानो एकटाच, तीसहून जास्त बार (आपल्याकडची आवर्तनं म्हण), एक लांबलचक चाल गात राहतो, जणू त्याचे सूर विरतच नाहीत. हे कसं साधलं ते मांडीवर वाजवून बघ. प्रत्येक बारमध्ये डाव्या हाताचे सहा ठोके तीन-तीन असे पडतात, उजवा हात मात्र तेच सहा दोन-दोन असे धरून चालतो. दोन्ही हातांचे जोर बारच्या सुरुवातीलाच जुळतात, मधे नाही, म्हणून सूर विरायच्या आत खालचा ठोका त्याला पुढं ढकलतो. पुढं बऱ्याच वेळानं तीच चाल इंग्लिश हॉर्नकडं जाते, म्हणजे श्वासावर सूर धरून ठेवणाऱ्या वाद्याकडं, आणि पियानो तिच्याभोवती बारीक नक्षी काढत राहतो. ती जागा आली की माझा हात अजूनही आपोआप थांबतो. तुझ्या निबंधात या भागाला दोन ओळी आहेत, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

‘प्रभाव’ हा शब्द तू सात वेळा वापरलास. त्याचे दोन प्रकार वेगळे करायला शीक. पुण्यात पहिल्याच दिवशी तू ‘काय करायलास’ म्हणालीस आणि मैत्रिणीनं लगेच विचारलं, ‘कोल्हापूर की बेळगाव?’ हे तूच सांगितलं होतंस. अण्णा, अक्का म्हणणं कुणालाही जमतं, ते उसने शब्द. पण क्रियापद कसं वळतं, वाक्याच्या शेवटी हेल कुठं जातो, हे ठरवून उसनं आणता येत नाही. त्यासाठी त्या बोलीत राहावं लागतं. रावेलनं 1928 साली अमेरिकेच्या दौऱ्यात जाझ जवळून ऐकलं, आणि या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात ते ओळखू येईल असं, झगझगीत ठेवलंय. माझ्या मते ते शब्द आहेत, वाक्य त्याचं स्वतःचं आहे. बार्टोकनं फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी लोकगीतं गोळा केली. त्याच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत एखादं गाणं जसंच्या तसं उचललेलं शोधू नकोस. छोटा तुकडा घेऊन त्याच्याचभोवती फिरत राहणं, एकाच सुरावर पुन्हा पुन्हा आपटणं, अशा सवयींत ते मुरलंय.

हंगेरियन संगीतकार लिगेटी त्याच्याही पुढं जातो. 1985 ते 1988 मध्ये लिहिलेल्या त्याच्या कॉन्चेर्टोमागं मध्य आफ्रिकेतल्या समूहसंगीताचा अभ्यास आहे, पण ऐकताना आफ्रिका डोळ्यांपुढं येत नाही. घेतलंय ते वाक्य कसं बांधायचं, तेवढंच. पहिल्या भागात काही वाद्यं एका बारमध्ये बारा छोटे ठोके मोजतात (12/8), काही त्याच वेळी चार, म्हणजे प्रत्येकी दोन धरून आठ (4/4). तू तबल्याच्या भाषेत लिही: आठाच्या जागेत बारा, म्हणजे दीडपट, म्हणजे आड. फरक इतकाच की आपल्याकडं तबलजी आड धरतो तेव्हा मूळ लय कुठली याची शंका नसते. इथं दोन्ही थर आपापले आघात वेडेवाकडे टाकतात आणि खरी लय कुठली, ते कानाला ठरवता येत नाही. वडगावात विणकरांच्या गल्लीतून चालताना दोन-तीन घरांतले माग एकदम कानावर येतात. आधी नुसता गोंगाट, मग एका मागाचा ठोका पकडता येतो, आणि दुसरा पकडायला गेलं की पहिला निसटतो. पुढच्या वेळी आलीस की मुद्दाम तिथून जाऊ.

राग शोधण्याचा मोह टाळ. बार्टोकच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात तुला भैरवी ऐकू आली, ठीक. ती तुझ्या वहीत राहू दे, निबंधात नको. तिथं मधोमध पाखरांचे आणि किड्यांचे आवाज आहेत, ते लिही. खानापूरच्या पावसाळी रात्री ऐकलेला तुझा कान त्यांना चुकायचा नाही. 1945 साली, शेवटच्या आजारपणात तो हे लिहीत होता. अखेरचे सतरा बार राहिले, ते त्याच्या एका स्नेह्यानं भरले. हे माहीत असावं, पण त्यावरून ‘करुण’ वगैरे लिहू नकोस.

सध्या तो निबंध बाजूला ठेव. फक्त रावेलचा मधला भाग घे, आठ दिवस रोज एकदा ऐक. इंग्लिश हॉर्न चाल हाती घेतं त्या क्षणापासून पियानोचा उजवा हात काय करतो, आणि डाव्यात बदल होतो की नाही, एवढंच दोन पानांत लिहून गणपतीला येताना घेऊन ये. पेटी मी काढून, पुसून ठेवतो.

तुझे,
सर