विमानतळाला 'तत्त्वतः मंजुरी' मिळाली, मग विमान किती वर्षांत उडतं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्यात नवीन विमानतळाला 'तत्त्वतः मंजुरी' मिळाल्याची बातमी आलीय, एजंट रोज फोन करतोय की चार-पाच वर्षांत विमान उडणार, आत्ताच प्लॉट बुक करा, तर खरंच किती वर्षं लागतात. मी पनवेल तालुक्यातला, नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातल्याच एका गावचा, त्यामुळे हे सगळं आमच्या दारातच घडलंय. केंद्राच्या मंत्रिमंडळाची मंजुरी आली २००७ ला, तेव्हा मी दहावीत होतो. पहिलं प्रवासी विमान उडालं २५ डिसेंबर २०२५ ला, आता माझी मुलगी शाळेत जाते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मंजुरी एक नसते. २००८ च्या ग्रीनफिल्ड, म्हणजे मोकळ्या जागेवर नव्याने बांधायच्या विमानतळांच्या धोरणात दिल्लीतल्याच दोन पायऱ्या आहेत. पहिली साइट क्लिअरन्स, म्हणजे जागा विमानासाठी बरी आहे का, संरक्षण खात्याची हरकत आहे का वगैरे, आणि १५० किलोमीटरच्या आत दुसरं विमानतळ असेल तर त्याच्यावर काय परिणाम होईल तेही तपासतात. दुसरी तत्त्वतः मंजुरी, म्हणजे 'पुढे जा' एवढाच केंद्राचा होकार. तुमची बातमी ह्या दुसऱ्या पायरीची आहे. चांगलीच गोष्ट आहे, पण त्या दिवशी तुमच्या तलाठ्याकडच्या एकाही कागदावर एक अक्षर बदलत नाही. जमीन, पर्यावरण, वन, किनारा असेल तर सीआरझेड म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची परवानगी, टेंडर हे सगळं त्याच्या पुढे उभं असतं.

आमच्याकडे पर्यावरणाची मंजुरी नोव्हेंबर २०१० ला आली आणि ती येईपर्यंत अख्खा नकाशा बदलला होता. जागा खाडीची, खारफुटीची, मधून उलवे नदी, कडेला गाढी नदी, आणि समोर उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटरची. आधीच्या प्लॅनमध्ये दोन रनवेंमध्ये १८०० मीटर अंतर होतं, ते १५५० वर आणलं तेव्हा कुठे गाढी नदी वळवायची टळली. उलवे नदी मात्र वळवलीच. लोक म्हणतात पर्यावरणवाल्यांनी उशीर केला, मला ते पटत नाही, नद्यांचा तो प्रश्न विचारला नसता तर आज पावसाळ्यात पनवेलचं काय झालं असतं ह्याचा विचार करा. एवढं करूनही भराव पडल्यावर शेजारच्या डुंगी गावात पाणी घरात शिरायला लागलंच.

मग जमीन. इथे मात्र आमच्या लोकांना जुना अनुभव होता. १९८४ ला नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध आमचे शेतकरी नेते दि. बा. पाटील साहेबांच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा हक्क मिळाला, आणि त्याच्या जोरावर विमानतळाला साडेबावीस टक्क्यांवर बोलणी झाली. म्हणून विमानतळाला साहेबांचंच नाव पाहिजे हा आमचा आग्रह. गावं हलायला तरी पुढची कित्येक वर्षं गेली. टेकडी फोडायला सुरुंग लावायचे, आधी भोंगा वाजायचा, आजी भोंगा ऐकला की फळीवरची पितळी भांडी एकेक करून खाली जमिनीवर काढून ठेवायची, धडाका झाला की धूळ खाली बसेपर्यंत थांबून परत वर लावायची, घर सोडायच्या दिवसापर्यंत तिचं हे चालू होतं.

आणि मंजुरी मिळाली म्हणजे टिकतेच असंही नाही बरं का. गोव्यातल्या मोपाचं बघा, केंद्राची मंजुरी २००० ची, पर्यावरण मंजुरी २०१५ ची, आणि काम चालू असताना मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ती पर्यावरण मंजुरीच स्थगित केली कारण अर्जात आजूबाजूच्या पर्यावरणाची माहिती नीट दिलेली नव्हती. जानेवारी २०२० ला स्थगिती उठली, विमानं जानेवारी २०२३ ला सुरू झाली.

रनवे झाला की शेवटचा टप्पा त्यामानाने भराभर होतो. आमच्याकडे ऑक्टोबर २०२४ ला हवाई दलाचं सी-२९५ मालवाहू विमान उतरलं, डिसेंबरमध्ये प्रवासी विमानाची चाचणी झाली, ३० सप्टेंबर २०२५ ला डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचं लायसन्स, ८ ऑक्टोबरला उद्घाटन.

आता तुमचा प्लॉट. एजंटला विचारा की भूसंपादनाची अधिसूचना निघालीय का आणि त्यात कुठले गट नंबर आहेत. २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचा व्यवहार कलेक्टरच्या परवानगीशिवाय करता येत नाही. सातबारा स्वतः काढा, इतर हक्कात काय शेरा आहे ते वाचा, एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. हद्दीबाहेरची जमीन असेल तरी विमानतळाच्या आसपास इमारतीच्या उंचीवर बंधन येतं, एअरपोर्ट्स ऑथॉरिटीचे रंगांचे नकाशे असतात, सात मजल्यांचं स्वप्न दाखवून विकलेल्या जागेवर कमी मजल्यांचीच परवानगी मिळू शकते. माझ्या एका मित्राचे पैसे असेच अडकलेत, अजून सुटले नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता घेतला नसता.

त्यापेक्षा एका तारखेवर लक्ष ठेवा, पर्यावरण मंजुरीसाठीच्या जनसुनावणीच्या. किमान ३० दिवस आधी पेपरमध्ये जाहिरात येते, पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो, तो मागून घ्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. आमच्या काकांना शाळा फार नव्हती पण मोठ्या उधाणाला पाणी कुठल्या बांधापर्यंत येतं ते त्यांना पाठ होतं, असली माहिती अहवाल लिहिणाऱ्याकडे नसते. तुमच्याकडचे ओढे, विहिरी, जुनी पाणवाट, गुरांचा रस्ता, सगळं नकाशावर खूण करून लेखी द्या आणि पोच घ्या, तिथे बोललेलं इतिवृत्तात यायला लागतं. जाहिरात आली की इथे कमेंटमध्ये सांगा, लेखी हरकत कशी मांडायची ते मी बसून लिहून देईन.